मेलबर्न ते सिडनी, किनाऱ्याकिनाऱ्याने: दोघांचा बेत तपासून द्या

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही नवरा-बायको पुण्याहून ऑस्ट्रेलियाला जातोय. मेलबर्नला उतरून गाडी भाड्याने घ्यायची, समुद्राच्या कडेने जायचं आणि सिडनीला गाडी सोडायची. दोघांकडे महाराष्ट्राचं लायसन्स आहे, दोघंही हायवेला सराईत आहोत. कच्चा बेत असा:

पहिला दिवस: मेलबर्न – ग्रेट ओशन रोड – ट्वेल्व्ह अपॉस्टल्स – परत मेलबर्न
दुसरा: फिलिप आयलंडचे पेंग्विन, रात्री परत मेलबर्न
तिसरा: मेलबर्न – लेक्स एन्ट्रन्स
चौथा: लेक्स एन्ट्रन्स – बेटमन्स बे
पाचवा: बेटमन्स बे – जर्व्हिस बे – कायामा – सिडनी
सहावा, सातवा: राखीव

गाडी घ्यावी की कॅम्परव्हॅन? लायसन्स चालेल का? शाकाहारी माणसांचं रस्त्यात काय होतं? आणि बेतात काही वेडंवाकडं दिसत असेल तर मोकळेपणाने सांगा. आगाऊ धन्यवाद.

गिप्सलँडकर
बेत नकाशावर छान आहे, गाडीत बसल्यावर मोडेल. तुम्ही किलोमीटर मोजलेत, उजेड मोजला नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यात मेलबर्नला सूर्य सव्वाआठच्या आसपास मावळतो. शहराबाहेर तेव्हापासून कांगारू, वॉलबी आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात. म्हणून मुक्कामाला साडेसातच्या आत पोहोचायचं, या हिशोबानेच दिवस आखा.

आता तुमचे दिवस बघू. पहिल्या दिवशी किनाऱ्याने जाऊन आतल्या रस्त्याने परत यायचं म्हणजे पाचशे किमीच्या वर, न थांबता सात-आठ तास. थांबण्यासाठीच जातोय त्या रस्त्यावर थांबायला वेळच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पेंग्विन सूर्यास्तानंतर येतात, म्हणजे तिथून निघेपर्यंत दहा वाजणार आणि पुढे दीडशे किमीचा रात्रीचा प्रवास. चौथ्या दिवशी साडेचारशे किमी, त्यातला कॅन रिव्हर ते एडन हा पट्टा जवळजवळ सगळा जंगलातला.

सात दिवसच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ग्रेट ओशन रोड सोडा. तो सिडनीच्या उलट दिशेला आहे. फिलिप आयलंड, विल्सन्स प्रॉमन्टरी, लेक्स एन्ट्रन्स, एडन, नरूमा, जर्व्हिस बे, सिडनी. सात मुक्कामांत हे आरामात बसतं.

घाटवाट
गिप्सलँडकर, तुमचं गाव-प्रेम समजू शकतो :) पण पुण्याहून येणाऱ्या माणसाला ग्रेट ओशन रोड वगळायला सांगणं म्हणजे अतीच झालं. पाऊलवाट, दोन दिवस वाढवा आणि दोन्ही करा. नाहीच वाढवता आले तर मग मात्र त्यांचं ऐका, अर्धामुर्धा ओशन रोड करू नका.

करणार असाल तर तपशील देतो. टॉर्केपासून ॲलन्सफर्डपर्यंत हा रस्ता साधारण २४३ किमी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला, ईस्टर्न व्ह्यूला त्याची कमान आहे. टॉर्केकडून पश्चिमेला जा, उलट नको. डावीकडून गाडी चालवताना समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि दर दोन वळणांवर असलेल्या थांब्यांत समोरची लेन न ओलांडता शिरता येतं.

विमानतळाहून निघताना शहरात शिरूच नका. एम-८० रिंग रोड, मग एम-१, मग जिलाँगची रिंग रोड आणि टॉर्के. या वाटेवर टोल नाही, सव्वा ते दीड तास लागतो. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्या दिवशी इतकंच पुरे.

टॉर्के ते अपोलो बे नव्वद किमीच्या आसपास आहे, पण दोन तास धरा. वळणं घाटाचीच आहेत, बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ८० आणि गावांत ५०. केनेट रिव्हरला कोआला बघायचे असतील तर गाडी खाली लावून ग्रे रिव्हर रोडवर पायी चढा. तो रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या गाडीला कच्चा रस्ता का चालत नाही ते कोणीतरी खाली लिहीलच. निलगिरीच्या फांद्यांच्या बेचक्यात राखाडी गोळा दिसला की झालं. हलण्याची वाट बघू नका, ते झोपलेलेच असतात.

अपोलो बे सोडलं की रस्ता समुद्राला पाठ करून ऑटवेच्या जंगलात शिरतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. तिथे मेट्स रेस्टला लाकडी फळ्यांची वाट आहे, अर्ध्या तासाची, वर प्रचंड नेचे. केप ऑटवेचा १८४८ चा दीपस्तंभ मुख्य रस्त्यापासून १२ किमी आत आहे. वेळ असेल तरच वळा.

मुक्काम पोर्ट कॅम्पबेललाच. हे मी आग्रहाने सांगतोय. अपॉस्टल्स, म्हणजे समुद्रातले ते सुळके, तिथून १२ किमीवर आहेत. मेलबर्नच्या सहलींच्या बसगाड्या दुपारी येतात आणि चारच्या सुमाराला परततात. तुम्ही संध्याकाळी जा, आणि सकाळी उजेड झाल्यावर पुन्हा जा. सकाळचं ऊन सुळक्यांवर थेट पडतं, दगडाचा पिवळा रंग तेव्हाच दिसतो. संध्याकाळी सूर्य मागे असल्याने काळ्या आकृत्या मिळतात. दोन्हींचे फोटो वेगळे.

कुंपणाच्या आतच राहा. हा चुनखडीचा कडा आहे, लाटा तो खालून पोखरतात, वरून काही कळत नाही. १५ जानेवारी १९९० ला लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा जमिनीकडचा भाग कोसळला आणि पुढे गेलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. जुलै २००५ मध्ये अपॉस्टल्सपैकी एक सुळका पडला. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उतरून खाली वाळूवर जाता येतं, पण उधाण असलं की त्या बंद ठेवतात. लॉक आर्ड गॉर्ज चुकवू नका. १८७८ मध्ये तिथे जहाज फुटलं आणि दोनच माणसं वाचली, ती कथा तिथल्या फलकांवर सविस्तर आहे.

पाऊलवाट
दोन्ही प्रतिसादांसाठी धन्यवाद. बायकोने निकाल दिला: दोन दिवस वाढवायचे, ओशन रोड करायचाच :) म्हणजे नऊ मुक्काम. पण मग पोर्ट कॅम्पबेलहून फिलिप आयलंडला जाताना पुन्हा मेलबर्नमधूनच जायचं का?

घाटवाट
गरज नाही. कोलॅक, जिलाँगमार्गे क्वीन्सक्लिफला या, साधारण अडीच तास. तिथून सोरेन्टोला गाडीसकट फेरीबोट जाते, तासातासाला, ४० मिनिटांत पलीकडे. पुढे फिलिप आयलंडपर्यंत पावणेदोन तास. घड्याळात बचत फार होत नाही, पण मेलबर्नची गर्दी आणि टोल दोन्ही टळतात आणि मध्ये पाय मोकळे होतात. फेरीचं तिकीट आधी काढून ठेवा. नऊला पोर्ट कॅम्पबेल सोडलंत तर चार-साडेचारला बेटावरच्या काउज गावात असाल, आणि पेंग्विन त्याच संध्याकाळी.

गिप्सलँडकर
त्या रात्री राहायचं बेटावरच, हे पुन्हा सांगतो. पेंग्विनचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, उन्हाळ्यात भरतं. फोटो काढायला पूर्ण बंदी आहे, मोबाइलसुद्धा नाही. फ्लॅशने पिलं बिचकतात, आणि फ्लॅश बंद आहे की नाही हे कोण तपासणार, म्हणून सरसकट मनाई. फेब्रुवारीतही वारा बोचरा असतो, सिमेंटच्या पायऱ्यांवर तासभर बसायचंय, जॅकेट आणि खाली घ्यायला काहीतरी ठेवा. परत निघताना गाडीखाली वाकून बघा. पेंग्विन पार्किंगमध्ये चाकांच्या आडोशाला बसतात, तशा पाट्याही तिथे लावलेल्या आहेत.

चाकोरी
भाड्याची गाडी आणि लायसन्स यावर लिहितो, कारण पैसे इथेच जातात.

लायसन्स: महाराष्ट्राच्या कार्डावर मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे पर्यटक म्हणून व्हिक्टोरिया (मेलबर्नचं राज्य) आणि न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनीचं राज्य) ते चालतं. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. फॉर्म ४-ए, मुदत एक वर्ष. काही गाडीवाले काउंटरवर तो मागतात आणि रात्री अकराला तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. मूळ कार्ड जवळ लागतंच, नुसता परवाना किंवा डिजिलॉकर चालणार नाही.

दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारावर हवीत. नाव नसलेल्या माणसाच्या हातात गाडी असताना काही झालं तर विमा शून्य. काही ठिकाणी जोडीदाराचं नाव फुकट घालतात, काही ठिकाणी रोजचे पैसे घेतात. विचारा.

कार्ड: मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड. डेबिट कार्डावर एक तर नकार मिळतो किंवा मोठी रक्कम अडकते. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून मर्यादा वाढवूनच निघा.

विमा: भाड्यात मूळ विमा असतो, पण नुकसानीतली पहिली काही हजार डॉलर रक्कम तुमच्या माथी असते. तिला एक्सेस म्हणतात. काउंटरवर जादा पैसे घेऊन ती कमी करून देतात. पण कमी केल्यावरही सहसा या गोष्टी बाहेरच राहतात: गाडीचं छप्पर, खालचा भाग, पाण्यात घातलेली गाडी, चुकीचं इंधन, हरवलेली किल्ली. काच आणि टायरचं काय, ते करारात वेगळं वाचा. आणि कच्चा रस्ता. करारात ज्याला अनसील्ड रोड म्हणतात तो म्हणजे डांबर नसलेला कुठलाही रस्ता. गाडी हळू चालवली होती की जोरात, याच्याशी काही देणंघेणं नाही. खडी उडून काच फुटली आणि जागा कच्च्या रस्त्यावरची निघाली की सगळा खर्च तुमचा. कित्येक गाड्यांत जीपीएस बसवलेला असतो.

गाडी घेताना चालत एक व्हिडिओ काढा: चारही चाकांच्या रिम, काचेवरचे टिपके, बंपरची खालची कड, छप्पर, इंधनाचा काटा, किलोमीटर.

टोल: इथे टोलनाके नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. गाडीवाल्याच्या खात्याला टॅग असेल तर टोल आणि वर हाताळणीचा आकार लागतो. गाडीची प्लेट आधीच त्यांच्या खात्याला जोडलेली असेल तर तुम्ही वेगळा पास काढून उपयोग नाही, दोनदा पैसे जायचे. काउंटरवर एवढं एकच विचारा: “या प्लेटचा टोल कोणाच्या खात्यात जातो?” तुमच्या मार्गावर टोल पूर्ण टाळता येतो, नकाशात तसं निवडा.

एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचा वेगळा आकार असतो. भाव बघताना तो धरूनच बघा, नाहीतर स्वस्त दिसणारी गाडी महाग पडते.

भटकभवानी
कॅम्परव्हॅनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. दोघांना छोटी व्हॅन उत्तम. स्वयंपाक स्वतःचा, रोज बॅगा उचलायच्या नाहीत, हॉलिडे पार्कात वीज-पाण्याची जागा घेतली की अंघोळ, कपडे धुणं सगळं तिथे. शाकाहारी असाल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

चाकोरी
भटकभवानी, तीन आठवडे असते तर मीही हेच म्हटलं असतं. नऊ मुक्कामांत नाही. व्हॅनचं भाडं जास्त, पेट्रोल जास्त, वर पार्कात जागेचे पैसे वेगळे. ग्रेट ओशन रोडच्या किनाऱ्यावर कुठेही व्हॅन लावून झोपता येत नाही, दंड होतो. ऑटवेच्या वळणांवर उंच व्हॅन वाऱ्याने हलते आणि मागे रांग लागते. त्याऐवजी साधी गाडी घ्या आणि त्याच हॉलिडे पार्कांतल्या केबिन घ्या: दोन शेगड्या, फ्रिज, भांडी, आत बाथरूम. व्हॅनचे फायदे बहुतेक सगळे मिळतात.

भटकभवानी
केबिनचा मुद्दा मान्य. मात्र केबिन बुक करताना चादरी-टॉवेल मिळतात का ते वाचा, काही पार्कांत ते वेगळे घ्यावे लागतात.

मेथीकूट
खाण्याचं माझ्याकडे लागलं :)

आधी विमानतळ. उतरण्याआधी भरायच्या कार्डावर अन्न आणलंय का असा प्रश्न असतो, तिथे ‘होय’ लिहा. लिहून दिलेली वस्तू त्यांनी काढून घेतली तर दंड नाही. न लिहिलेली सापडली तर मोठा दंड, शिवाय व्हिसाही रद्द होऊ शकतो. तूप, पेढे, खव्याची बर्फी, दुधाची पावडर आणूच नका. भारतात लाळ्या-खुरकूत आहे, ऑस्ट्रेलियात नाही, आणि हा रोग दुधाच्या पदार्थांतूनही पसरू शकतो. ताजा कढीपत्ता, फळं, रुजू शकेल अशी बी घरीच ठेवा. बाजारातले सीलबंद मसाले, भाजणी, चिवडा, बाकरवडी असं जे असेल ते वेगळ्या पिशवीत वर ठेवा, म्हणजे अधिकाऱ्यापुढे बॅग उपसावी लागत नाही.

किराणा टॉर्केला जातानाच भरा. एम-१ वर वेरिबी, पॉइंट कुक, टारनीटच्या बाजूला भारतीय दुकानं भरपूर आहेत. त्यानंतर सिडनीच्या जवळ पोहोचेपर्यंत भारतीय दुकानावर भिस्त ठेवू नका. बेर्न्सडेल, लेक्स एन्ट्रन्स, मेरिम्बुला, बेटमन्स बे इथे मोठी सुपरमार्केट आहेत, त्यात कणीक, डाळ, दही, भाज्या मिळतात.

गावातली हॉटेलं मुंबई-पुण्याच्या वेळेला चालत नाहीत. बेकरी तीनला बंद, रात्रीचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद. बेकरीत पालक-रिकोटाचा रोल बहुधा असतो. चिप्स घेताना कशात तळतात ते विचारा, काही ठिकाणी तेलाऐवजी गोमांसाची चरबी असते आणि काही ठिकाणी मासे त्याच तेलात.

आता खरी सोय. किनाऱ्यावरच्या बहुतेक बागांत सार्वजनिक विजेचे बार्बेक्यू असतात, फुकट. बटण दाबलं की पोलादी तवा तापतो, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो, परत दाबायचं. तवा मधल्या भोकाकडे किंचित उतरता असतो, चरबी गळून जावी म्हणून. त्यामुळे धिरड्याचं पातळ पीठ घातलंत तर अर्धं त्या भोकातून जाईल. थालीपीठ मात्र सुंदर होतं. ॲल्युमिनियम फॉइलची मोठी गुंडाळी घ्या, तव्यावर दुहेरी अंथरा (आधी तिथे सॉसेज भाजलेले असतात), कडा वर मुडपा, भोकाच्या जागी फॉइल फाटू देऊ नका. थालीपीठ फॉइलवरच थापायचं, वर तेल सोडायचं, पहिल्या फेरीत बटण दोनदा दाबावं लागतं कारण जाड तवा तापायला वेळ लागतो. मक्याची कणसं, मशरूम आणि हलूमी चीजही छान भाजलं जातं. झाल्यावर पुसून ठेवा.

सिग्नलपाड्या
नाव बघून हसू नका, मुद्दा गंभीर आहे. डावीकडून चालवणं आपल्याला सवयीचं आहे, म्हणून भारतीय माणूस निर्धास्त असतो आणि नेमका सवयींवर पकडला जातो.

- लाल दिव्याला ‘फ्री लेफ्ट’ नाही. तशी पाटी असेल तरच, आणि तीही पूर्ण थांबून.
- स्टॉपची पाटी म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता कितीही रिकामा असो.
- गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. नाक घुसवायचं नाही.
- ८० च्या वर मर्यादा असलेल्या बहुपदरी रस्त्यावर उजवी लेन ओव्हरटेकपुरती. तिथे रेंगाळणं हा गुन्हा आहे.
- शाळेजवळ सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळात ४०. न्यू साउथ वेल्समध्ये साधारण ८ ते ९:३० आणि २:३० ते ४.
- व्हिक्टोरियात वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याची सूट नावापुरतीच आहे. क्रूझ कंट्रोल लावा.
- मेलबर्नच्या मध्यात गेलात तर काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या लेनमध्ये थांबावं लागतं, आणि ट्रामची दारं उघडी असताना मागे थांबायचं.

दोघांसाठी खास: शेजारी बसलेल्याने सीट मागे पाडून, पट्टा काखेखालून घेऊन झोपायचं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये जुलै २०२४ पासून कॅमेरे पट्टाही तपासतात, वरून फोटो काढतात आणि नोटीस चालकाला येते. पट्टा खांद्यावरून, पाय खाली.

पाऊलवाट
पट्ट्याचं वाचून बायको म्हणाली, “म्हणजे मी पूर्ण वेळ जागी?” :) लेक्स एन्ट्रन्सच्या पुढचा पट्टा सगळ्यांनीच अवघड म्हटलाय. गिप्सलँडकर, तेवढं सविस्तर लिहाल?

गिप्सलँडकर
लिहितो. फिलिप आयलंडहून विल्सन्स प्रॉमन्टरी हे राष्ट्रीय उद्यान दोन तासांवर. आत टायडल रिव्हरला पेट्रोल नाही, फॉस्टर किंवा यानाकीला भरा. प्रवेश फुकट. स्क्वीकी बीचवर गोल गुळगुळीत क्वार्ट्झचे कण आहेत, पाय घासत चाललं की वाळू खरंच चिरकते. कोरड्या वाळूत जास्त, ओल्या कडेला नाही. संध्याकाळी टायडल रिव्हरच्या गवतावर वॉम्बॅट चरतात. मुक्काम आत मिळाला तर सोनं, नाहीतर यानाकी-फॉस्टर, पण मग उजेडात बाहेर पडा.

तिथून लेक्स एन्ट्रन्स पावणेतीनशे किमीच्या आसपास, साडेतीन तास. बेर्न्सडेलहून पेन्सव्हिलला वळा, गाडी तिथेच लावा आणि पायी फेरीने रेमंड आयलंडला जा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मिनिटा-दोन मिनिटांत पलीकडे, आणि घरांच्या अंगणातल्या झाडांवर कोआला. ओशन रोडला नाही दिसले तर इथे दिसतात.

आता तुमचा अवघड पट्टा. लेक्स एन्ट्रन्स ते ऑरबॉस्ट ६०, ऑरबॉस्ट ते कॅन रिव्हर ७५, तिथून जेनोआ ४७, मग एडन ६०. एकूण साधारण २४० किमी, थांबे सोडून तीन तास. रस्ता एक-एक पदरी पण डांबर चांगलं. लाकडाचे लांब ट्रक लागतात, काही २६ मीटरचे. ओव्हरटेकिंग लेन ठरावीक अंतराने येते, पाटी आधी दिसते, तोवर कळ काढा. उलट एखादा ट्रक मागे चिकटला तर थांब्यात शिरून त्याला जाऊ द्या. लेक्स एन्ट्रन्सलाच टाकी भरा, ऑरबॉस्ट आणि कॅन रिव्हरला मिळतं पण भाव जास्त. सकाळी नऊला निघून दुपारी एडन, हे सगळ्यात बरं. एक मुक्काम जास्त असेल तर जेनोआहून मॅलाकूटा २४ किमी आत, जागा अप्रतिम, पण जायला-यायला तोच एक रस्ता.

जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक. स्टिअरिंग वळवायचं नाही. कांगारूला धडकून गाडी दुरुस्त होते, झाडाला धडकून माणूस होत नाही. एक गेला की लगेच वेग घेऊ नका, मागे दुसरा असतो. धडक बसलीच तर सुरक्षित जागी थांबून, पुढून-मागून कोणी येत नाही ना बघून, मादीच्या पोटपिशवीत पिल्लू आहे का पाहा. ते सडाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरियाला, न्यू साउथ वेल्समध्ये वायर्सला, या प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना फोन लावा, ते सांगतात पुढचं.

फोन: या जंगलात आणि ऑटवेत बराच भाग रेंजविना. त्यातल्या त्यात टेल्स्ट्रा कंपनीची रेंज बरी. नकाशे ऑफलाइन उतरवा. आणखी एक, नवं आहे: इथे २०२४ मध्ये थ्री-जी बंद झालं, आणि ४-जीवरून ०००ला आपत्कालीन कॉल लावू न शकणारे परदेशी बनावटीचे फोन इथल्या सिमवर बंद करतात. इथलं सिम घातल्यावर ३४९८ या क्रमांकावर ३ असा एसएमएस करा, तुमचा फोन चालेल का ते उत्तर येतं. विमानतळावरच करा, जंगलात नाही. इमर्जन्सी प्लस ॲप घ्या, ते तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश दाखवतं, ०००वाल्याला तेच वाचून दाखवायचे.

वणवा: फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या दोनला जंगलाच्या पट्ट्यात शिरू नका, राष्ट्रीय उद्यानंही बंद होऊ शकतात. व्हिक्टोरियात विकइमर्जन्सी, न्यू साउथ वेल्समध्ये हॅझर्ड्स निअर मी, दोन्ही ॲपमध्ये रोज सकाळी बघा. २०१९-२० च्या वणव्यात हाच महामार्ग आठवडेच्या आठवडे बंद होता आणि मॅलाकूटाहून लोकांना नौदलाच्या जहाजाने काढावं लागलं. बंद पडलाच तर मागे फिरून मेलबर्नच्या बाजूने एम-३१, म्हणजे सिडनीला जाणारा आतला महामार्ग, धरायचा. म्हणून एडन आणि पुढची बुकिंग रद्द करता येतील अशीच घ्या, दहा-वीस डॉलर जास्त गेले तरी.

भरतीओहोटी
समुद्रात उतरणाऱ्यांसाठी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, झेंडे नसतील तर घोट्यापर्यंत. कोकणात आपण लाटा कमी दिसतात ती जागा निवडतो. इथे नेमकी तीच घातक असते. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गडद, पृष्ठभाग नुसता थरथरतोय, तर ती रिप, पाणी तिथून आत खेचलं जातंय. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमल्यास किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. एकाला खेचलं तर दुसऱ्याने पोहत मागे जायचं नाही, जीवरक्षकाला हाक मारायची किंवा तरंगणारं काही फेकायचं. टॉर्के, लॉर्न, अपोलो बे इथे उन्हाळ्यात जीवरक्षक असतात, गिब्सन स्टेप्सला नाहीत. सनस्क्रीन ५०+, ढग असले तरी.

घाटवाट
शेवटच्या टप्प्याचं थोडक्यात. एडन ते नरूमा महामार्ग सोडून टाथ्रा-बरमागुईच्या किनारी रस्त्याने जा, तोही डांबरीच. सेंट्रल टिल्बाला चहा. जर्व्हिस बेला हायम्स बीचवर पार्किंगची मारामार असते, म्हणून बूडरी राष्ट्रीय उद्यानाचा पास काढून आतले किनारे बघा, वाळू तितकीच पांढरी. हा पास न्यू साउथ वेल्सच्या उद्यानांचा नाही, वेगळा आहे. कायामाचं खडकातलं फवाऱ्याचं भोक आग्नेयेकडून लाट असली तरच उडतं, ईशान्येची असेल तर जवळचं छोटं भोक चालतं. लाटेची दिशा सर्फिंगच्या ॲपमध्ये बघून ठरवा, नाहीतर खडकाकडे बघत उभे राहाल. सी क्लिफ ब्रिज ६६५ मीटरचा, डिसेंबर २००५ चा, दरडींमुळे जुना रस्ता बंद करावा लागला म्हणून समुद्रावरून नेलाय. पुलावर थांबता येत नाही, टोकाला गाडी लावून पायवाटेने चाला.

पाऊलवाट
सुधारित बेत, एकेक मुक्काम: टॉर्के, अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल, काउज, यानाकी, लेक्स एन्ट्रन्स, एडन, नरूमा, हस्किसन (जर्व्हिस बे), मग सिडनी. चालेल? गाडी सिडनी विमानतळावर संध्याकाळी सहाला सोडायची आहे.

गिप्सलँडकर
चालेल. आता हा बेत दमवणार नाही.

चाकोरी
सहाऐवजी तीनची वेळ घ्या. सी क्लिफ ब्रिज आणि रॉयल नॅशनल पार्कमार्गे आलात तर दक्षिण सिडनीतून ए-१ ने कोगराह, ब्रायटनच्या बाजूने विमानतळ, टोल नाही. पण चारनंतर तो रस्ता तुंबतो, आणि वेळ उलटली की पुढचा पूर्ण दिवस लावतात. पेट्रोल विमानतळाच्या आधी तीन-चार किमीवर भरा, अगदी दारातल्या पंपावर भाव चढे असतात. फ्युएलचेक ॲपमध्ये दिसतात. साध्या गाडीला ९१ नंबरचं, झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. भरायचं स्वतः, पैसे आत जाऊन पंपाचा नंबर सांगून. पावती जपून ठेवा, आणि किल्ली देण्याआधी तोच व्हिडिओ पुन्हा: रिम, काच, बंपर, छप्पर, काटा, किलोमीटर. वाळू झटकून घ्या, सीटखालची सुद्धा, साफसफाईचा आकार त्यावरच लागतो.